सात किलो वर, पंधरा किलो खाली

दिवाळीच्या आठवड्यात रात्री उशिरा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर गेलं, तर चेक-इन काउंटरच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत एक दृश्य हमखास दिसतं. फरशीवर दोन-तीन बॅगा आ वासून पडलेल्या, चिवड्याचे डबे बाहेर काढलेले, कुणाचा तरी ओव्हरकोट ट्रॉलीच्या दांडीवर, सासूबाई खुर्चीवर आणि मधोमध घरचा कर्ता घामाघूम. एका बॅगेला मुभा तेवीस किलोंची, भरलीय सव्वीस. मग या बॅगेतलं त्या बॅगेत, त्या बॅगेतलं खांद्यावरच्या पिशवीत आणि उरलेलं अंगावर. मुंबईच्या उकाड्यात दोन स्वेटर चढवून रांगेत उभी राहिलेली माणसं काही हौसेने तशी उभी नसतात.

या सगळ्याचं मूळ मला रेल्वेत दिसतं. आपण प्रवासाची बॅग भरायला रेल्वे आणि एसटीसाठी शिकलो. रेल्वेत स्लीपरला माणशी ४० किलो आणि एसी फर्स्टला ७० किलो सामान फुकट नेता येतं, आणि तेही कुणी काट्यावर ठेवून बघत नाही. होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, वर चार पिशव्या. ‘असू दे, लागलं तर’ एवढ्या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या सामान भरलं गेलं. विमानाच्या काउंटरवर हे वाक्य चालत नाही. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या चेक-इनला १५ किलो आणि केबिनमध्ये ७ किलो देतात. केबिन बॅगेचं मापही ठरलेलं, साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर. या किलोंत बॅगेचं स्वतःचं वजन आलंच. रिकामी असतानाच चार-पाच किलो भरणारी मोठी बॅग घेतली, तर पंधरा किलोंतला जवळपास तिसरा हिस्सा आपण बॅगच नेत असतो.

वजनाखेरीज दुसरी डोकेदुखी म्हणजे काय चालतं आणि काय चालत नाही. सुरी खाली टाकायची, पॉवर बँक मात्र वर ठेवायची. लाडू चालतो, तूप अडतं. पणती चालते, कापूर नाही. याद्या पाठ करायला गेलं तर डोकं चक्रावतं, आणि आपल्याला हवी ती वस्तू नेमकी यादीत नसते. पण या प्रत्येक ‘नाही’मागे काहीतरी घडलेलं आहे. ते कळलं की यादी हाताशी नसतानाही बॅग बरीचशी बरोबर भरता येते.

वजनापासून सुरुवात करू. जास्तीचे पैसे भरायची तयारी असली तरी ३२ किलोंच्या वरची एक बॅग बहुतेक कंपन्या घेत नाहीत, दोन करा म्हणतात. यात इंधनाचा संबंध नाही, लोडरच्या पाठीचा आहे. मोठ्या विमानांत सामान कंटेनरमध्ये भरून यंत्राने चढवतात. पण बोइंग ७३७ सारख्या मधल्या आकाराच्या विमानात पोटातली जागा इतकी बुटकी असते, की माणसाला ताठ उभं राहता येत नाही. बेल्टवरून वर आलेली एकेक बॅग लोडर गुडघ्यांवर बसून ओढतो, वळवतो आणि थरावर थर लावतो. आपली बत्तीस किलोंची बॅग तो कमरेत वाकून नव्हे, बसून ढकलतो. बॅग भरताना जड वस्तू चाकांच्या बाजूला असाव्यात. उभी केल्यावर बॅग कलंडत नाही आणि ओढताना सगळा भार मुठीवर येत नाही.

आता चाकांचा विषय निघालाच आहे म्हणून. सूटकेसला चाकं लावून पट्ट्याने ओढायच्या कल्पनेचं अमेरिकी पेटंट बर्नार्ड सॅडो यांना मिळालं ते १९७२ मध्ये. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर! आज दिसते ती उभी, लांब दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने १९८७ मध्ये काढली. आणि भारतातल्या सूटकेसचा पत्ता विचाराल तर नाशिक. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोघांचेही कारखाने त्या भागात आहेत. म्हणजे परदेशात बेल्टवर फिरणाऱ्या बॅगांतली एखादी नाशिककर असू शकते.

सगळ्यांत उलटा वाटणारा नियम बॅटरीचा. पेट घेऊ शकणारी वस्तू माणसांजवळ का ठेवायची? लिथियमची बॅटरी एकदा आतून तापू लागली की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. विमानाच्या पोटात आग विझवणारा वायू सोडायची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली ही साखळी त्याने तुटत नाही. केबिनमध्ये धूर दिसला, तर कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. म्हणून बॅटरी नजरेसमोर हवी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर हाँगकाँगला निघालेल्या एअर बुसानच्या विमानात मागच्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आग लागली. विमान अजून जमिनीवरच होतं म्हणून आतले सगळे १७६ जण बाहेर पडले. विमानाचं छत मात्र जळून गेलं. तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातली. त्यांच्या विमानात माणशी एकच, आणि तीही शंभर वॅट-अवरच्या आतली नेता येते.

हे वॅट-अवर अनेकांना अडवतात, कारण पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत असतात एमएएच. हिशेब सोपा आहे. एमएएचला ३.७ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. वीस हजारांची पॉवर बँक ७४ वॅट-अवर भरते. शंभरपर्यंत सहसा विचारपूस नाही, शंभर ते एकशेसाठला कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. आकडा पुसला गेलेली जुनी पॉवर बँक घरीच ठेवावी, कारण सिक्युरिटीचा माणूस आपल्या शब्दावर आकडा मान्य करणार नाही. ज्या ‘स्मार्ट’ बॅगांची बॅटरी निघत नाही, त्याही याच कारणाने २०१८ पासून हद्दपार झाल्या.

द्रवपदार्थांचं कारण ऑगस्ट २००६ मधलं. लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन उडवायचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमधली प्रत्येक बाटली १०० मिलीच्या आत, आणि अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यावर हा नियम सैल झालाय. पण परतीच्या वाटेवर किंवा मधल्या थांब्यावर तो तसाच असू शकतो, तेव्हा या सवलतीच्या भरवशावर राहू नये. मोजली जाते ती बाटली, आतला ऐवज नव्हे. दोनशे मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला चमचाभर टूथपेस्ट उरली असली तरी ती जाते. आणि पातळ कशाला म्हणायचं याची सिक्युरिटीची व्याख्या आपल्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा मोठी आहे. तूप, श्रीखंड, मुरंबा, गुळांबा, ओली चटणी, सगळं त्यात बसतं. मिरचीचं लोणचं तर भारतात देशांतर्गत प्रवासालाही हँडबॅगेत चालत नाही. तिखट आणि मसाल्याच्या पुड्याही खालीच टाकाव्यात. मूठभर तिखट डोळ्यांत गेलं तर काय होतं, हे कुणाला सांगायला नको.

मग लोणचं खालच्या बॅगेत जातं, आणि तिथे निराळंच नाट्य घडतं. विमान पस्तीस हजार फुटांवर असताना आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ असते. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे खुर्चीत बसल्याबसल्या आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाच्याही वरची हवा घेत असतो. सामानाच्या कप्प्यातही दाब साधारण तेवढाच. आठ हजार फुटांना हवेचा दाब जमिनीवरच्या पाऊणपट होतो, म्हणून बरणीत अडकलेल्या हवेला एक तृतीयांश जास्त जागा हवीशी होते. वेफर्सची पिशवी टम्म फुगते ती यामुळेच. बरणीतली हवा मात्र झाकणाच्या आट्यांतून वाट काढते आणि जाताना खार आणि तेल बरोबर नेते. अर्धी भरलेली बरणी गच्च भरलेलीपेक्षा जास्त गळते, याचं कारणही हेच. तिच्यात हवा जास्त.

म्हणून लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरावी आणि काचेपेक्षा जाड प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची घ्यावी. आधी तोंडावर क्लिंग फिल्मचे दोन पदर, त्यावर झाकण घट्ट, मग झाकण आणि बरणी यांच्या सांध्यावरून गोल टेप. टेप झाकणाच्या माथ्यावरून आडवी लावून उपयोग नाही, गळती सांध्यातून होते. त्यानंतर हवा काढलेली झिपची पिशवी, आणि तीही एकावर एक दोन. शेवटी टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध उभी. कडेला ठेवली तर बॅग आपटली की पहिला मार तिलाच. लोणचं मुरलेलं घ्यावं. नुकतं घातलेलं लोणचं अजून आंबत असतं आणि त्याचा स्वतःचा वायू वर भर घालतो. शाम्पू आणि खोबरेल तेलाच्या मऊ बाटल्यांना सोपी युक्ती आहे. झाकण लावताना बाटली किंचित दाबून हवा काढायची आणि दाबलेली असतानाच झाकण फिरवायचं. वर गेल्यावर तिला फुगायला जागा उरते.

फराळाचा बाकीचा प्रश्न मोडतोडीचा. शंकरपाळे आणि शेव काहीही सोसतात. लाडवांना घट्ट डबा पुरतो. चकली आणि करंजी मात्र हलायला जागा मिळाली की मोडतात, म्हणून डब्यात कागदाचे बोळे कोंबून पोकळी भरावी. स्टीलचे डबे शक्यतो टाळावेत. रिकामा मोठा डबा वजनकाट्यावर ठेवून पाहिला, तर त्याऐवजी किती चकल्या गेल्या असत्या ते कळतं.

दिवाळीच्या इतर साहित्यातही आगीची बाजू मोठी. फटाके, अगदी फुलबाज्या आणि टिकल्यासुद्धा, ना वर ना खाली. काडेपेटी आणि कापूरही नको. उटणं आणि रांगोळी मोठ्या पिशवीत असेल तर खालच्या बॅगेत टाकावी. अमेरिकेच्या विमानात २०१८ पासून ३५० मिलीहून जास्त पूड हातात असली, तर वेगळी तपासणी होते.

आणि सुकं खोबरं! याने कोकणातल्या, गोव्यातल्या कितीतरी मंडळींना बुचकळ्यात टाकलंय. मार्च २०२२ मध्ये भारतातल्या विमान-सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या यंत्रणेने सुकं खोबरं चेक-इन बॅगेतल्या मनाई असलेल्या वस्तूंत घातलं. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खोबऱ्याच्या वाट्या आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत मोडतात. त्यातलं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निघते, आणि कोंडलेल्या ढिगात ती साठत जाते. करंजीच्या सारणात भाजून मिसळलेल्या खोबऱ्याला सहसा कुणी काही म्हणत नाही, प्रश्न वाट्यांचा असतो. अख्खा नारळ तर हातातही नेता येत नाही. शबरीमलाला निघालेल्या भाविकांच्या डोक्यावरच्या इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातल्या नारळाला २०२४ च्या हंगामात खास सवलत द्यावी लागली, आणि तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच. गोव्याहून परतताना फेणीची बाटली मात्र खालच्या बॅगेत टाकता येते. २४ ते ७० टक्के मद्यार्काची पेयं सीलबंद असली, तर माणशी पाच लिटरपर्यंत विमानाची हरकत नसते. राज्याबाहेर किती न्यायची ते अबकारी खातं ठरवतं, तो वेगळा विषय.

आपल्या इथून बॅग सुखरूप निघाली, की पुढची परीक्षा पोहोचायच्या देशात, आणि ती आपण सर्वांत कमी मनावर घेतो. इथे कारण बदलतं. तिकडच्या अधिकाऱ्याला विमानाची काळजी नसते, त्याला आपल्या शेतांची आणि गुराढोरांची असते. भारतात गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, ऑस्ट्रेलियात नाही. म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम, दूध असलेली जवळजवळ सगळी मिठाई ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. दर दिवाळीला तिथलं सरकारी खातं भारतीयांना याची आठवण करून देतं. न्यूझीलंडमध्ये एखादा खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहायचा राहिला, तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. लिहिला आणि चालत नसेल, तर पदार्थ जातो, दंड होत नाही. म्हणजे खूण करणं नेहमीच स्वस्त पडतं. तरी ‘कशाला उगाच लिहायचं’ म्हणणारे काका प्रत्येक विमानात असतात.

अमेरिकेत तांदूळ अडतो. खापरा नावाचा भुंगेरा साठवलेल्या धान्याचा मोठा शत्रू, आणि भारत त्याचं घर समजलं जातं. त्यामुळे आंबेमोहोराची पाच किलोंची पिशवी नातवापर्यंत पोहोचत नाही. ओला कढीपत्ता अडतो, कारण त्यावर वाढणारी एक कीड लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचा प्रसार करते. आंब्याचं तर विचारूच नका. भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून जातो, पण तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरणातून निघालेला, कागदपत्रांसह. देवगडच्या बागेतून आणलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला हापूस कितीही गोड असला, तरी तिथे त्याची जागा कचऱ्याच्या डब्यात.

खसखशीचं गांभीर्य मात्र दंडाच्या पलीकडचं आहे. संयुक्त अरब अमिरातींत आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी, आणि तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या डोळ्यांसमोर आधी अनारसे येतात. पण कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते, काही घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. दुबईला लेकीकडे निघताना मसाल्याची पुडी भरण्याआधी तो कुटताना काय काय घातलं होतं, ते एकदा आठवून बघायला हवं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचंही तेच. डॉक्टरांची चिठ्ठी तर हवीच, पण त्या देशाची आगाऊ परवानगी लागते का, तेही पाहावं. इतर रोजची औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर खाली टाकूच नये, सामानाच्या कप्प्यात ते गोठायची भीती असते.

घरच्या पदार्थांवर इंग्रजीत चिठ्ठी लावावी. नाव, घटक, केल्याची तारीख. अधिकाऱ्याला डाळीच्या पिठाची पिवळी पूड दिसते, मेतकूट दिसत नाही.

कपड्यांबद्दल फार लिहावं असं मला वाटत नाही, त्यावर घरोघरी तज्ज्ञ आहेत. एवढंच म्हणेन, की हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन नाही. उलट जागा दिसली की आपण आणखी भरतो आणि मग काटा बोलतो. आणि नवरा-बायकोने प्रत्येकाची एक बॅग असं न करता दोघांचेही कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे टाकावेत. एक बॅग हरवली तर निदान कुणी एकाच जोडीवर राहत नाही. एक जोडी केबिन बॅगेतही असू द्यावी.

बॅगा हरवतात, फुटतात किंवा उशिरा पोहोचतात त्या जगभरात हजार प्रवाशांमागे सहा-सातच्या आसपास, आणि त्यातल्या पुष्कळशा विमान बदलताना मागे राहतात. बहुतेक दोन-तीन दिवसांत मिळतात. आपल्या बॅगेचं खरं नाव म्हणजे तिच्या टॅगवरचा दहा आकडी नंबर. त्यातला पहिला आकडा टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२. उरलेले सहा फक्त या बॅगेचे. बोर्डिंग पासला चिकटवलेली ती चिमुकली पट्टी म्हणूनच जपून ठेवायची. मागच्या प्रवासाचे जुने टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर काढून टाकावेत, नाहीतर बेल्टवरचा स्कॅनर कुठला वाचेल याचा नेम नाही. हँडलला लाल रिबन बांधायची पद्धत छान आहे, फक्त ती आता सगळेच बांधतात. बॅगेच्या आत, कपड्यांवर, नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा. बाहेरचा टॅग तुटला तर तोच कामी येतो. अमेरिकेच्या तपासणीवाल्यांच्या चावीने उघडणारी टीएसए कुलुपं घ्यावीत, पण त्यांच्यावर मौल्यवान वस्तू सोपवू नयेत. त्या मास्टर किल्ल्यांचे फोटो काही वर्षांपूर्वी जगजाहीर झाले आणि लोकांनी त्यावरून किल्ल्या छापूनही दाखवल्या.

बॅग आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडायच्या आत काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. एकवीस दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. माँट्रियल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. नुकसान किती झालं ते दाखवायचं आपणच, म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवावा. देशांतर्गत प्रवासात मात्र ही मर्यादा २० हजार रुपयांची आहे. नागपूरला भाच्याच्या लग्नाला निघालेली येवल्याची पैठणी त्याहून महाग असू शकते, म्हणून ती हातातच ठेवावी. तिने सातातला पाऊण किलो घेतला तरी.